पाताळगंगेवरचा बर्फ

पुण्याहून निघालो तेव्हा माझ्या पिशवीत दोन धुतलेले सदरे, मिशनच्या कचेरीने दिलेली अर्धा शेर साखर आणि पाच प्रश्नांचा एक कागद होता. लढाईमुळे साखर दुर्मीळ झालेली, त्यामुळे साऱ्या वाटेत माझा हात साखरेवर. खरं ओझं मात्र त्या कागदाचं होतं.

खालापूरच्या पुढे, पाताळगंगेच्या काठच्या एका वाडीत आमच्या मिशनचं एक म्हातारं जोडपं राहत होतं. लुंडसाहेब आणि त्यांच्या बाई मार्ता. नॉर्वे नावाच्या बर्फाळ मुलखातून आलेली ही दोघं तीस वर्षं त्या वाडीत रुजली होती. साहेब सत्तरीच्या पुढचे, बाई त्यांच्याहूनही दोन वर्षांनी थोरल्या. त्यांच्या देशात जर्मन घुसल्यापासून घरची पत्रं बंद झाली होती. अशात कोणीतरी कचेरीला कळवलं, की बाईंचं डोकं फिरलं आहे. नदीवर बर्फ धरलाय असं त्या लोकांना सांगतात आणि लोक त्यांचं ऐकतात. हे खरं ठरलं, तर दोघांना तिथून हलवून दक्षिणेकडच्या डोंगरातल्या, म्हाताऱ्या मिशनऱ्यांसाठी असलेल्या घरात नेऊन ठेवायचं ठरत होतं. मी नाताळाचे तीन दिवस त्यांच्याकडे काढायचे, नीट पाहायचं आणि कागद भरून आणायचा. त्यातले चार प्रश्न साधे होते. जेवणखाण, झोप, औषधपाणी असले. तिसरा तेवढा साधा नव्हता: ‘बाईंना नसलेल्या गोष्टी दिसतात किंवा भासतात काय?’

हे काम माझ्याच गळ्यात का पडलं, याचं कारण उघड आहे. भुताखेतांवर आपला काडीचा विश्वास नाही, हे मी कचेरीत दर आठवड्याला कोणालातरी ऐकवत असे. बोलणाऱ्याला कामाला लावतात, ही कचेऱ्यांची जुनी रीत आहे.

घाट उतरून गाडी कर्जतला आली. मागची इंजिनं सुटली, पलटणीतल्या गोऱ्या सोल्जरांनी खिडक्यांतून हात बाहेर काढून चहा मागितला, आणि मी दोन गरम वडे कागदात बांधून खोपोलीच्या गाडीकडे पळालो. ही गाडी म्हणजे चार डबे आणि खूप वेळ. सकाळचे नऊ वाजून गेले होते, तरी पळसदरीपर्यंत खिडकीबाहेर धुकं तसंच होतं. भात कापलेल्या खाचरांवर ते इतकं सपाट आणि पांढरं पसरलं होतं, की बांध दिसेनात आणि दूरची झाडं बुडाशिवाय उभी असल्यागत वाटत होती.

माझ्यासमोर वालाच्या शेंगांची पाटी घेऊन एक बाई बसली होती. कुठे चाललात, कोणाकडे, किती दिवस, अशी तिने माझी रीतसर उलटतपासणी घेतली. मार्ताबाईंचं नाव ऐकल्यावर ती जरा सावरून बसली.

“नदी उतरायची हाय का तुमाला?”

मी म्हटलं, मिशनचं देऊळ पलीकडच्या काठाला आहे असं ऐकतो, म्हणजे उतरावी लागेल.

“मंग मार्ताआयला इचारून उतरा,” एवढंच म्हणून तिने पदर पुढे ओढला आणि खोपोलीपर्यंत पुन्हा तोंड उघडलं नाही. इतकी बोलकी बाई अशी गप्प झाली, हे मला आवडलं नाही.

खोपोलीला हिराजी बैलगाडी घेऊन आला होता. पन्नाशीचा, काटक, कुणबी शेतकरी. ख्रिस्ती नव्हे, पण साहेबांचा शेजारी आणि त्यांच्या घरचाच माणूस. त्याच्या गळ्यात काळ्या दोऱ्यात दोन वीतभर लाकडी दांडकी लोंबत होती आणि प्रत्येकाच्या टोकाला घासून अणकुचीदार केलेला खिळा होता. मला वाटलं, देवऋष्याचा काहीतरी उतारा असेल. विचारलं, तर म्हणाला, मार्ताआयने दिलंय, थंडीच्या दिवसांत पाण्याकडे जाताना घालायचं असतं. आत पडलं तर दोन्ही हातांनी कडेला टोचायचं आणि अंग वर ओढायचं. कशाच्या कडेला, असं मी विचारलं. हिराजीने नुसती बैलांची शेपटी पिळली. पुढे वाडीत शिरताना पाहिलं, तर विहिरीवरच्या बायकांच्या गळ्यातही मण्यांच्या जोडीला तेच होतं. मी मनातल्या मनात तिसऱ्या प्रश्नापुढे एक खूण केली.

डोंगरावरून येणारे वीजघराचे नळ मागे राहिले. त्या वीजघरातून सुटलेलं पाणी पाताळगंगेत येतं, म्हणून ही नदी उन्हाळ्यातही आटत नाही आणि दिवसाकाठी चढते-उतरते. हे मला ठाऊक होतं, आणि बाईंच्या बर्फाचं सगळं रहस्य एवढंच असणार, असं मी गाडीत बसल्या बसल्या ठरवूनही टाकलं. पाणी कधी वाढतं त्याच्या वेळा म्हातारीला तोंडपाठ झाल्या असतील, झालं.

साहेबांचं घर कौलारू आणि बैठं होतं. अंगणात एका उंच बांबूच्या टोकाला भाताची लोंब्यांसकट पेंढी बांधलेली होती. पाखरांचा नाताळ, त्यांच्या देशची चाल. मार्ताबाई पायरी झाडत होत्या. उंच, वाकलेल्या, निळ्या लुगड्यावर लोकरीचं जाकीट घातलेल्या. पायरी लख्ख होती. तरी त्या कोपऱ्याकोपऱ्यातून काहीतरी लोटून बाजूला सारत होत्या. मग त्यांनी खराटा भिंतीवर तीनदा आपटून झटकला आणि मला म्हणाल्या, “पाय आपटून या वो मास्तर. आत वलं होतं.” तीस वर्षं वाडीतल्या बायकांत काढल्यामुळे त्यांची भाषा अगदी तिथलीच होती. माझ्या चपलांवर धूळ होती, दुसरं काही नव्हतं. पण मी पाय आपटले, हे कबूल केलं पाहिजे.

बाकी बाबतीत बाई लख्ख होत्या. कोणाच्या म्हशीला किती महिने झाले, कचेरीतल्या कोणाला कितवी मुलगी, सगळं त्यांच्या ध्यानात. साखर पाहून त्यांना इतका आनंद झाला, की त्यांनी माझ्या गालाला हात लावला. तो हात फार गार होता. दुसऱ्या दिवशी, म्हणजे नाताळाच्या आदल्या दिवशी, त्या साखरेची नव्या तांदळाची खीर झाली. तिच्यात एकच बदाम टाकतात. ज्याच्या वाटीत येईल त्याचं वर्ष चांगलं. बदाम मला आला. सगळ्यांनी माझ्याकडे जरा जास्तच कौतुकाने पाहिलं.

संध्याकाळी शेतात पोपटी (मडक्यात वालाच्या शेंगा कोंबून, वरून भांबुर्डीचा पाला लावून विस्तवात भाजण्याचा प्रकार) लावली होती. आठ ख्रिस्ती कुटुंबं आणि त्यांच्याहून अधिक हिंदू शेजारी विस्तवाभोवती बसले होते. शेंगांचा वास जीव वेडावणारा होता. तिथेच हिराजीने मला सांगितलं, की बाईंनी बर्फाचं काढलं त्या पहिल्या साली वाडीही त्यांना हसली होती. मग एका सकाळी त्याचा बैल उतारात (नदी पायी ओलांडायच्या जागी) मधोमध उभा राहिला. “गुडघ्याएवढं पानी, आन् बैल पानात वारं शिरल्यावानी कापतोय. पाय उचलंना. मार्ताआयनी काठीनी ठोकत ठोकत वाट काढली तवा आला.” तेव्हापासून कोणी हसलं नाही. बैल बुजतात, असं मी म्हणालो. हिराजीने मान डोलावली, पण ती होकाराची नव्हती.

लुंडसाहेबांनी मला विस्तवापासून थोडं बाजूला नेलं. बुटका, गोल चेहऱ्याचा, हसरा माणूस. पण आता हसत नव्हते.

“तुम्ही कशासाठी आलात ते मला ठाऊक आहे,” ते म्हणाले. “म्हणून तुम्हाला आधी सांगतो.”

त्यांनी जे सांगितलं ते थोडक्यात असं. त्यांच्या गावात देऊळ सरोवराच्या पलीकडे होतं. नाताळाच्या सकाळी सारं गाव गोठलेल्या सरोवरावरून चालत उपासनेला जाई, आणि सर्वांच्या पुढे गावातली जाणती बाई लोखंडी टोकाची काठी ठोकत चाले. काठीच्या आवाजावरून बर्फ धरेल की नाही ते ती सांगे. मार्ताच्या आजीने ते ज्ञान मार्ताला दिलं होतं. एका नाताळाला मार्ता म्हणाली, आज धरणार नाही. साहेब तेव्हा नवे पाद्री होते, उपासनेला उशीर होत होता, आणि बायकोच्या काठीवर विसंबून राहायची त्यांना लाज वाटली. सहा वर्षांच्या मुलाचा हात धरून ते निघाले. पलीकडे ते एकटेच पोचले.

“नंतर आम्ही मिशनला सांगितलं, जिथे पाणी कधीच गोठत नाही असा देश आम्हाला द्या,” साहेब म्हणाले. “सत्तावीस वर्षं तिने काठीचं नाव काढलं नाही. घरची पत्रं बंद झाली त्या नाताळाला तिने ती मागितली.”

बाईंना इथून हलवलं तर काय होईल, असं मी विचारलं. ते म्हणाले, तिथे डोंगरात तिला कोणी काठी देणार नाही, खोलीत बसवून ठेवतील. आणि लोक पाण्यावर चाललेत, आपल्याला बोलू देत नाहीत, या दुःखाने ती महिनाभरही जगणार नाही. मी त्यांना सरळ सांगितलं, की मला खोटं लिहिता येणार नाही.

“खोटं नका लिहू,” ते म्हणाले. “फक्त उद्याची सकाळ झाल्यावर लिहा.”

नाताळाच्या दिवशी उजाडता उजाडता आम्ही निघालो. हातात कंदील, आणि धुकं इतकं, की कंदिलाचा उजेड हातभर पुढे जाऊन थांबे. वाडीची चाळीसेक माणसं एकामागून एक चालत होती आणि प्रत्येकात दहा-दहा हातांचं अंतर होतं. कोणी कोणाच्या जवळ जाईना. मुलं धावत नव्हती. नाताळाची गाणी म्हणत जायचं असतं, ती म्हणत होते, पण अगदी हळू, आणि पावलं तर त्याहून हळू. कोरड्या पांदीतून चाळीस माणसं पायाखाली काही फुटू नये अशी चाललेली मी पाहिली, आणि माझ्या मानेवर काटा आला. तो थंडीने आला, असं मी स्वतःला सांगितलं.

उताराशी सगळे थांबले. काठावर एक लांबलचक बांबू ठेवलेला होता. नदीवर धुकं पालथं पसरलेलं, पाणी दिसतच नव्हतं. मार्ताबाई पुढे झाल्या आणि आपली लोखंडी टोकाची काठी उचलून त्यांनी खाली ठोकली. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा. पाण्यावर काठी मारली तर जो आवाज होईल तो झाला नाही. ठक असा आवाज झाला. खाली दगड असणार, मी म्हटलं. बाई मान तिरकी करून ऐकत राहिल्या.

“नाय धरणार,” त्या म्हणाल्या. “आज नाय.”

कोणी का म्हणून विचारलं नाही. लोकांनी कंदील खाली ठेवले आणि घोंगड्या पसरायला सुरुवात केली. उपासना इथेच होणार होती. पलीकडे शंभर पावलांवर त्यांचं देऊळ झेंडूच्या माळा लावून तयार होतं, मध्ये गुडघाभर पाणी होतं, आणि चाळीस शहाणीसुरती माणसं अलीकडे बसली होती. मला राग आला. खरं सांगायचं तर बैलाची गोष्ट, ती गळ्यातली खिळ्यांची दांडकी, तो ठक आवाज, सगळ्याचा मिळून आला. मी चपला काढल्या, पाटलोण वर दुमडली आणि पाण्यात उतरलो.

साहेबांनी मला हाक मारली नाही. कोणीच मारली नाही. पाणी गार होतं, खाली वाळू होती, आणि मी आरामात पलीकडे पोचलो. एवढ्यावर थांबायचं सोडून देवळाची घंटाही वाजवली. चांगली दहा-बारा वेळा. जरा विरळ झालेल्या धुक्यातून त्यांचे कंदील दिसत होते आणि एकही हलत नव्हता.

परत फिरलो. निम्म्यावर आलो असेन, तेव्हा तो आवाज झाला. वरच्या अंगाला, दूर कुठेतरी सुरू झाला, आणि वाळलेला लांब बांबू टोकापासून चिरत यावा तसा माझ्याकडे धावत आला, माझ्या तळव्यांखालून गेला आणि खालच्या अंगाला लांब निघून गेला. मग शांतता. मी जन्मात बर्फ पाहिलेला नव्हता, गोळेवाल्याच्या किसणीखालचा सोडून. पण आपण कशावर उभे आहोत ते मला त्या क्षणी कळलं. गुडघ्याभोवती पाणी आहे की नाही ते समजेना. पायांखाली वाळू नव्हती. काहीतरी गुळगुळीत होतं, आणि ते किंचित खाली गेलं.

मी पाय उचलू शकलो नाही. घसा मोकळा करून हाक मारायचाही धीर होईना. आवाजाने फुटेल, असं वाटलं.

“झोप, पोरा,” मार्ताबाईंचा आवाज आला, अगदी शांत. “पालथा झोप. हात पसर.”

मी चाळीस वर्षांचा माणूस, नदीत पालथा झोपलो. मान वर करून पाहिलं तर काठावरून हिराजी माझ्याकडे येत होता, पोटावर सरपटत. त्याचे घोटे मागच्या माणसाने धरलेले, त्याचे त्याच्या मागच्याने, अशी सहा-सात माणसांची साखळी पाण्यावर आडवी झाली होती. पाण्यात म्हणायला हवं, पण मी पाण्यावर असंच लिहिणार. त्यांच्या हालचालींत गडबड नव्हती. हे त्यांना शिकवलेलं होतं. हिराजीने तो लांब बांबू माझ्याकडे सरकवला. मी धरला. त्यांनी मला ओढत काठावर नेलं आणि वाटेत पुन्हा एकदा, यावेळी बारीकसा, तडकल्याचा आवाज झाला. तो मी एकट्यानेच ऐकला नाही. हिराजीने डोळे मिटून घेतलेले मी पाहिले.

कोणी हसलं नाही. हसले असते तर मला फार बरं वाटलं असतं.

माझी पावलं पांढरीफटक पडली होती आणि मला ती माझी वाटत नव्हती. एक बाई मोहरीचं तेल घेऊन चोळायला बसली. साहेबांनी तिचा हात धरला.

“चोळू नका,” ते म्हणाले. “चोळलं तर कातडी निघून येईल.”

त्यांनी कोटाची आणि सदऱ्याची बटणं सोडली, माझी दोन्ही पावलं आपल्या उघड्या पोटावर घेतली आणि कोट मिटला. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायला त्यांचे हात मोकळे नव्हते. मार्ताबाई आल्या, त्यांनी आपल्या पदराने नवऱ्याचे डोळे पुसले, आणि त्यांच्या भाषेत काहीतरी म्हणाल्या. मग मला मराठीत सांगितलं, “ह्या टायमाला हात सुटला नाय.”

मी रडलो, ते लपवत नाही.

दुपारी धुकं गेलं आणि लख्ख ऊन पडलं. त्याच उतारातून कोणाच्या तरी म्हशी खुशाल डुंबत पलीकडे गेल्या. मार्ताबाईंनी पुन्हा काठी ठोकली. या वेळी पाणी उडालं. “धरंल,” त्या म्हणाल्या, आणि सगळी वाडी हसत-खिदळत, एकमेकांवर पाणी उडवत देवळात गेली. जेवण झालं, गाणी झाली, ढोलकी वाजली. मला हिराजीने पाठीवर घेऊन नेलं. वाटेत मी त्याला वीजघराच्या पाण्याचं विचारलं. सणाच्या दिवशी सकाळी पाणी सोडतात का? तो म्हणाला, सोडलं असतं तर वाढलं असतं, मास्तर, वाढलं का?

नाताळाच्या दुसऱ्या दिवशी मी निघालो. बाईंनी माझ्या गळ्यात खिळ्यांची दोन दांडकी घातली आणि पुण्याच्या नदीचं काही खरं नसतं, असं बजावलं. कर्जतला गाडीला मागून इंजिनं लागली आणि आम्ही घाट चढू लागलो. आमच्या डब्यात एक गृहस्थ नाताळात मुंबईला काय धमाल असते ते सांगत होते. मी ऐकत होतो आणि चपलांत पायांची बोटं हलवून पाहत होतो. करंगळ्यांना अजून कळत नव्हतं.

घरी पोचल्यावर सकाळी आंघोळ करून टेबलाशी बसलो. पहिला, दुसरा, चौथा, पाचवा, हे प्रश्न चहा निवायच्या आत भरून झाले. तिसऱ्यापाशी टाक थांबला. मी खोटं लिहीत नाही, असा माझा लौकिक आहे आणि तो जपायला मी पुष्कळ माणसं दुखावली आहेत. ‘हो’ लिहिलं की दोघं त्या डोंगरात जाणार, हे उघड होतं. ‘नाही’ लिहिणं म्हणजे दोन म्हाताऱ्या जिवांवर दया म्हणून केलेली लबाडी, एवढी एक आपण करू आणि देवाची क्षमा मागू, असं मी ठरवलं. ‘बाईंना नसलेल्या गोष्टी दिसतात किंवा भासतात काय?’ समोर लिहिलं, ‘नाही.’ सही केली, कागद कचेरीत दिला. ती दोघं आजही तिथेच आहेत. क्षमा मागायला मी त्या संध्याकाळी गुडघे टेकले, आणि ध्यानात आलं की मागण्यासारखं काही नाही. मी खोटं लिहिलेलंच नव्हतं. तेव्हापासून हिवाळ्यात मी कुठल्याही पुलाच्या मध्यावर थांबत नाही.